ब्लॉटरचा कागद तराजूत धरायचा का? एनडीपीएस कायद्याचा अर्थ आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय

काळा डगला

एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली आणि मनःप्रभावी पदार्थांचा कायदा, १९८५ चा, पण आज तो ज्या पद्धतीने चालतो ती २ ऑक्टोबर २००१ पासूनची. त्या दिवशी अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनावर ठरू लागली. अधिसूचनेच्या तक्त्यात प्रत्येक पदार्थासमोर दोन आकडे आहेत: अल्प प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाण. एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या रसायनासमोर ०.००२ ग्रॅम आणि ०.१ ग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम. कलम २२ प्रमाणे पहिल्या आकड्याच्या आत असाल तर जास्तीत जास्त १ वर्ष. दुसऱ्याच्या वर गेलात तर कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि १ ते २ लाख रुपये दंड. मधल्या पट्ट्यात १० वर्षांपर्यंत, किमान शिक्षा काही नाही.

एलएसडी सुटी पावडर म्हणून बाजारात जवळपास दिसत नाही. द्रावणात भिजवलेला शोषक (ब्लॉटर) कागद, त्यावर आडव्याउभ्या छिद्ररेषा, आणि फाडून निघणारे नखाएवढे चौकोन. यालाच ‘डॉट’ म्हणतात. एका डॉटवर एलएसडी साधारण ५० ते १०० मायक्रोग्रॅम असतं. कागद मात्र ५ ते २० मिलिग्रॅमचा.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एनसीबीच्या (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या) एका खटल्यात (न्या. रेवती मोहिते डेरे) निर्णय दिला की ब्लॉटर कागद हा एलएसडीचा अविभाज्य भाग आहे, आणि वजन करताना तो वगळता येणार नाही. कागदासकट डॉट तोंडात ठेवला जातो, कागदामुळेच पदार्थ सेवन करता येतो, म्हणून दोन्ही मिळून एक वस्तू, अशी ती भूमिका.

मला हा अर्थ चुकीचा वाटतो. हिशेब करून बघा. डॉट १० मिलिग्रॅमचा आणि त्यावर ०.१ मिलिग्रॅम एलएसडी धरा. नुसतं रसायन मोजलं तर अल्प प्रमाणाची हद्द २० डॉटला येते, व्यावसायिकची १,००० डॉटला. कागद धरला तर पहिला डॉटच अल्प प्रमाणाच्या पाचपट भरतो आणि अकराव्या डॉटला आरोपी १० वर्षांच्या किमान शिक्षेत जातो. म्हणजे ब्लॉटरपुरतं कलम २२(अ), अल्प प्रमाणाचं, कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे, पण ते लागू होईल असा माणूसच उरत नाही. कायद्याची एक पायरी पूर्ण निकामी करणारा अर्थ फौजदारी कायद्यात कसा स्वीकारायचा?

तागडी

निष्कर्ष कठोर आहे, मान्य. पण अर्थ शब्दांतून निघतो, तेव्हा शब्द समोर ठेवू.

एक. कलम २(२३) मधली मनःप्रभावी पदार्थाची व्याख्या. त्यात पदार्थ येतो, त्याचा क्षार येतो आणि त्याची ‘सिद्धता’ही येते. दोन. कलम २(२०) मध्ये सिद्धता म्हणजे काय ते सांगितलंय: डोसच्या रूपातला पदार्थ, किंवा कोणतंही द्रावण वा मिश्रण, भौतिक अवस्था कोणतीही असो. तीन. तक्त्यातली नोंद २३९, जिच्यात तटस्थ (स्वतःचा अंमल नसलेल्या) पदार्थासह किंवा त्याशिवाय असलेलं मिश्रण वा सिद्धता हे शब्द आहेत. चार. १८ नोव्हेंबर २००९ ला अधिसूचनेत घातलेली टीप ४: तक्त्यातले आकडे संपूर्ण मिश्रणाला, द्रावणाला, डोसच्या रूपातल्या पदार्थाला लागू होतील, केवळ शुद्ध अंशाला नव्हे.

आता सांगा, छिद्ररेषेने आखलेला, एकेक फाडून जिभेवर ठेवायचा चौकोन ‘डोसचं रूप’ नाही तर दुसरं काय आहे? मिश्रण आहे की नाही यावर घोळ घालायची गरजच नाही. डोसचं रूप एवढे शब्द पुरेसे आहेत.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २२ एप्रिल २०२० चा हीरा सिंग निकाल आहे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००८ चा मायकल राज निकाल चुकीचा ठरवला. मायकल राजमध्ये ४ किलोंहून अधिक मालात हेरॉइनची शुद्धता १.४ आणि १.६ टक्के निघाली होती, म्हणून शुद्ध अंश ६० ग्रॅमच्या आसपास धरून आरोपीला मधल्या प्रमाणात आणलं गेलं (हेरॉइनचं व्यावसायिक प्रमाण २५० ग्रॅम). हीरा सिंगने सांगितलं की तटस्थ पदार्थ वगळायचा नाही. एकलपीठ याच्या विरुद्ध जाऊ शकत नव्हतं.

दंडविधानाचा अर्थ काटेकोर, शंका असल्यास आरोपीच्या बाजूने लावायचा, हा नियमही लोक अर्धाच सांगतात. तो लागतो शब्द दोन अर्थी असतील तेव्हा. अन्नभेसळ कायद्याखाली १९६१ मध्ये महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेलं लोण्याचं प्रकरण आठवा. नियमात लोणी म्हणजे दूध किंवा सायीपासून केलेलं असं लिहिलेलं. बचाव असा की आमचं लोणी दह्याचं, म्हणून ते नियमातलं लोणीच नाही. दंडविधानाचा अर्थ काटेकोर लावायचा, हे तत्त्व न्यायालयाने मानलं. पण दही दुधाचंच, तेव्हा दह्याचं लोणी व्याख्येबाहेर पडत नाही असं ठरवलं. शब्द पुरेसे स्पष्ट असताना आरोपीच्या सोयीसाठी संदिग्धता निर्माण करायची नसते.

अर्धविराम

@तागडी, लोण्याचा दाखला चांगला आहे, पण तो तुमच्या बाजूने पूर्ण येत नाही. दह्याचं लोणी खाणारा लोणीच खातो. डॉट जिभेवर ठेवणारा कागद चघळत असेल, पण अंमल कागदाचा चढत नाही.

१९५४ चा तोलाराम निकालही मुंबईतूनच गेलेला, भाडे नियंत्रण कायद्याचा. त्यातलं सूत्र असं की दंडाच्या तरतुदीचे दोन वाजवी अर्थ निघत असतील तर शिक्षेतून सोडवणाऱ्या अर्थाकडे झुकायचं. इथे दोन वाजवी अर्थ आहेत का, एवढाच प्रश्न. माझ्या मते आहेत, आणि तेही तुम्ही दिलेल्याच शब्दांत.

हीरा सिंगचा प्रश्न ‘मिश्रणातला तटस्थ पदार्थ’ असा होता. हेरॉइनमध्ये पॅरासिटामॉल किंवा कॅफिन मिसळतात ती भेसळ: पावडरीत पावडर. ती वाढवली की माल वाढतो, पुड्या वाढतात, धंदा वाढतो. त्यामुळे एकूण वजन आणि समाजाला होणारा अपाय यांचा काहीतरी संबंध राहतो. ब्लॉटरमध्ये कागद जाड घेतला म्हणून एकही डोस वाढत नाही. तेच रसायन साखरेच्या खड्यावर टाकलं तर ३-४ ग्रॅमच्या एका खड्याला व्यावसायिक प्रमाण! आणि तेच ९० मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक, ज्यातून ९०० डॉट निघतील, बाळगणारा मधल्या प्रमाणात. घाऊकवाला वाचतो, एक डोस घेणारा २० वर्षांच्या कलमात. २००१ च्या दुरुस्तीचा उद्देश त्या विधेयकाच्या निवेदनातच लिहिलाय: तस्करांना जरब बसेल अशी शिक्षा, व्यसनाधीनांना आणि किरकोळ गुन्ह्यांना कमी. उद्देश बघून अर्थ लावायचा म्हटलं तरी पारडं आमच्याच बाजूला झुकतं.

कलम ३९ आणि ६४अ वाचा. अल्प प्रमाण सापडलेल्या व्यसनाधीन माणसाला उपचारासाठी सोडणं, किंवा तो स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून संरक्षण, हे दोन्ही दरवाजे अल्प प्रमाणावर किंवा कलम २७ वर (सेवनाचा गुन्हा) उघडतात. एका डॉटचा ताबा कलम २२(ब) मध्ये, म्हणजे मधल्या प्रमाणात, ढकलला की ताब्याच्या आरोपापुरते ते दोन्ही बंद.

सरकार पक्ष

कलम २७ उघडं राहतं, हे तुम्हीच लिहिलंत. सेवनाचा पुरावा असेल तर ते लावता येतं, आणि एलएसडीसाठी त्यात जास्तीत जास्त ६ महिने आहेत. मधल्या प्रमाणाला किमान शिक्षाच नाही, हेही विसरू नका. एका डॉटला न्यायालय १० वर्षं देत नाही. महिन्यांत देऊ शकतं, भोगलेल्या कोठडीवरही थांबू शकतं. कलम २२(ब) ची रुंदी त्यासाठीच आहे. जामीन अवघड करणाऱ्या कलम ३७ च्या जोड अटीही मधल्या प्रमाणाला लागत नाहीत. त्या व्यावसायिक प्रमाणाला आणि कलम १९, २४, २७अ ला. म्हणजे झळ खरी बसते ती १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने अकरा डॉट आणि त्यापुढे. आणि अकरा डॉट एकट्याने सेवन करायला घेतलेले नसतात.

दुसरं, अंमलबजावणीचं. शुद्ध अंशावर शिक्षा बांधली की प्रत्येक खटल्याचा निकाल प्रयोगशाळेच्या दशांशचिन्हावर येतो. नमुना पोहोचायला लागणारे आठवडे, मग रांग, मग विश्लेषण. एलएसडी प्रकाशाने आणि उष्णतेने विघटित होतं. जप्तीच्या दिवशी १२० मिलिग्रॅम असलेलं रसायन वर्षाने ८० निघालं तर शिक्षा निम्म्याखाली आणायची? गुन्हा जप्तीच्या क्षणी घडलेला असतो. तो ज्या मापाने मोजायचा ते माप जप्तीच्या क्षणी तपास अधिकाऱ्याच्या हातात असलं पाहिजे. एकूण वजन हे तसं माप आहे.

आकडे अन्यायकारक वाटत असतील तर ते केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेत, अधिसूचनेने बदलता येतील. अमेरिकेत नेमकं हेच झालं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या चॅपमन खटल्यात कागदाचं वजन धरलं: १,००० डोस, एलएसडी ५० मिलिग्रॅम, कागदासकट ५.७ ग्रॅम, आणि १ ग्रॅमच्या वर ५ वर्षांची सक्तीची शिक्षा. पुढे १९९३ मध्ये शिक्षा आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं बदलून दर डोसला ०.४ मिलिग्रॅम असं ठरीव वजन लावलं. दुरुस्ती नियम करणाऱ्यांनी केली, न्यायाधीशांनी नाही.

अर्धविराम

चॅपमन अर्धवट सांगू नका. तिथे निकाल ७ विरुद्ध २ होता, आणि विरोधी मतात हीच विसंगती मांडलेली होती: वाहकाचं (ज्यावर रसायन चढवलंय त्या कागदाचं) वजन धरलं की सर्वांत मोठा व्यापारी सर्वांत कमी शिक्षेत जातो. १९९३ ची दुरुस्ती फक्त मार्गदर्शक तत्त्वांपुरती राहिली. सक्तीच्या किमान शिक्षेला चॅपमनचंच माप कायम असल्याचं तिथल्याच न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. एकाच देशात, एकाच डॉटला दोन वजनं. ‘न्यायालयाने कठोर अर्थ लावावा, सरकार नंतर दुरुस्त करेल’ या भरवशाची किंमत तुरुंगात बसलेल्यांनी मोजली.

शिवाय चॅपमनमधल्या कायद्याचे शब्द ‘शोधण्याजोगा अंश असलेलं मिश्रण किंवा पदार्थ’ असे आहेत. आपल्या कलम २२ मध्ये ते नाहीत. आपल्याकडे तो सगळा भार २००९ च्या एका टिपेवर आहे, आणि टीप संसदेने लिहिलेली नाही.

तागडी

त्या टिपेची वैधता हीरा सिंगमध्ये थेट आव्हानाला होती आणि ती टिकली. ‘संसदेने लिहिलेली नाही’ हा मुद्दा आता उच्च न्यायालयात तरी चालणार नाही. निकालात असंही म्हटलंय की टीप नसती तरी कायद्याचा अर्थ हाच निघाला असता.

साखरेच्या खड्याचं उदाहरण मला अडचणीचं वाटतं, ते मी नाकारत नाही. पण अधिसूचना करणाऱ्यांनी स्वतंत्र वाहकाचा नियम लिहिलेला नाही. न्यायालयाने तो शोधून काढला तर उद्या गोळीतलं बंधक द्रव्य, कॅप्सूलचं जिलेटिन, खोकल्याच्या औषधातला पाक, सगळ्याला ‘वाहक’ म्हणता येईल.

रसायनी

दोन्ही बाजूंनी ‘कागद वगळून वजन’ हा शब्दप्रयोग सहज वापरला जातोय, म्हणून मोजमापाचं थोडं सांगतो.

असं वजन तराजूवर काढताच येत नाही. समजा १० मिलिग्रॅमचा डॉट मेथेनॉलमध्ये भिजवून एलएसडी पूर्ण काढून घेतलं, कागद वाळवला आणि पुन्हा तोलला. फरक यायला हवा ०.१ मिलिग्रॅमचा. पण कागद हवेतली आर्द्रता धरतो, स्वतःच्या वजनाच्या ५ ते ८ टक्के सहज. म्हणजे १० मिलिग्रॅमच्या कागदात नुसत्या ओलाव्याची चढउतार अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत. शोधायचं त्याच्या पाचपट. तेव्हा खरा मार्ग एकच: द्रव क्रोमॅटोग्राफीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) ज्ञात शुद्धतेच्या संदर्भ नमुन्याशी तुलना करून अंश काढायचा. ते ‘वजन’ नसतं, ते गणिताने काढलेलं प्रमाण असतं. संदर्भ नमुना, मोजपट्टीचा आलेख आणि अनिश्चिततेचा आकडा अहवालात नसेल तर ते कुणाच्याच कामाचं नाही.

सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट बहुधा गुणात्मक असतात: ‘एलएसडी आढळले’. त्यातून पदार्थ सिद्ध होतो, प्रमाण नाही.

विघटनाबद्दल @सरकार पक्ष यांचं बरोबर आहे, पण ते टाळता येतं. काळ्या किंवा अपारदर्शक पाकिटात, हवाबंद करून, थंडाव्यात ठेवलं तर ऱ्हास बराच मंदावतो. पारदर्शक झिपच्या पिशवीत घालून, लाखेच्या दिव्याशेजारी सील करून, पत्र्याच्या मुद्देमाल खोलीत उन्हाळाभर ठेवलं तर घट होणारच. ती साठवणुकीची चूक आहे. कायद्याचा अर्थ तिच्यावरून लावू नये.

आणखी एक. त्याच आकाराच्या, तशाच छापील चित्रांच्या कागदावर एनबोम गटातली रसायनंही विकली जातात. ती एलएसडी नव्हेत, त्यांचे आकडेही वेगळे. एरलिख अभिकर्मकाचा थेंब एलएसडीला जांभळा होतो, एनबोमला होत नाही. जागेवरची ही चाचणी प्राथमिक असते, पण पंचनाम्यात रंग लिहिलेला नसेल तर पुढे प्रश्न उभा राहतो.

काळा डगला

@रसायनी यांच्या माहितीने माझी एक मागणी बदलते: ‘वेगळं वजन’ ऐवजी ‘अंशाचं परिमाणात्मक विश्लेषण’ म्हणायला हवं. मूळ आक्षेप तसाच आहे.

@तागडी, न्यायालय शब्दांच्या आत राहून पदार्थाचे घटक वेगळे धरू शकतं, हे मुंबई उच्च न्यायालयानेच गांजाच्या बाबतीत दाखवलंय. कलम २(३)(ब) मध्ये गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं वगळलेली. जामिनाच्या कित्येक आदेशांत हा प्रश्न विचारला गेलाय की पंचनाम्यात ‘उग्र वासाचा हिरवट ओलसर पाला, काड्या, बिया’ असं लिहून सगळं गाठोडं २२ किलो तोललंय, मग शेंडे किती? गांजाचं व्यावसायिक प्रमाण २० किलो. काडी-पाला बाजूला काढल्यावर ते २० च्या वर राहतं का याची खात्री नसेल तर कलम ३७ चा अडसर दूर होतो. झाडाची काडी शेंड्याला निसर्गतः जोडलेली असते, तरी तिचं वजन शंकास्पद. मग माणसाने भिजवलेला कागद निःशंक कसा?

तागडी

कारण गांजाच्या व्याख्येत वगळण्याचे शब्द लिहिलेले आहेत. एलएसडीच्या बाबतीत नाहीत. मी सुरुवातीपासून हेच म्हणतोय की शब्दांमागे चला. जिथे कायदा वगळतो तिथे वगळा, जिथे ‘डोसच्या रूपातला’ म्हणतो तिथे धरा.

गांजातही बचाव पक्ष एक गोष्ट निसटती सोडतो. वाक्य ‘शेंडे सोबत नसतील तर’ असं आहे. शेंड्यांसोबत आलेली पानं आणि बिया व्याख्येबाहेर जात नाहीत. गाठोड्यात तिन्ही एकत्र असतील तर काय करायचं, यावर वाद होऊ शकतो. काडीचा उल्लेख मात्र कुठेच नाही, तिथे आरोपीचं पारडं जड. उभ्या पिकाला लागवडीचं कलम लागतं, १० वर्षांपर्यंत, आणि त्यात वजनाचा संबंधच नाही. तरी शेतातली झाडं मुळासकट उपटून, माती झटकून काट्यावर टाकली जातात आणि व्यावसायिक प्रमाण लावलं जातं. ही चूक आहेच.

पाकळी

औषधांच्या बाजूने एक भर. खोकल्याच्या औषधातलं कोडीन घ्या: अल्प प्रमाण १० ग्रॅम, व्यावसायिक १ किलो. ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम कोडीन असलेल्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत कोडीन २०० मिलिग्रॅम. दहा बाटल्यांत २ ग्रॅम. शुद्ध अंशावर हे अल्प प्रमाणाच्याही खूप आत. सगळा पाक धरला तर दहा बाटल्यांचं वजन १ किलोच्या वर, कारण पाक पाण्यापेक्षा जड. हा फरक पाचशेपटीचा आहे, ब्लॉटरच्या शंभरपटीपेक्षा मोठा. म्हणून ब्लॉटरचा निर्णय एकटा चुकीचा, असं म्हणणं मला पटत नाही. मुळात हीरा सिंगचं माप कमी मात्रेच्या पदार्थांना बसत नाही. ते हेरॉइनच्या पुड्या डोळ्यांसमोर ठेवून बेतलंय. दुरुस्ती व्हायची तर तक्त्यातच व्हायला हवी: मायक्रोग्रॅममध्ये घेतल्या जाणाऱ्या पदार्थांना वजनाऐवजी डोसची संख्या.

सरकार पक्ष

डोसची संख्या हा मार्ग मला मान्य आहे. मोजायला सोपा, जागेवर पंचांसमोर करता येतो, दशांशचिन्हाचा प्रश्न नाही. पण तो आजचा कायदा नाही. आज एकलपीठाचा निर्णय महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या विशेष न्यायालयांना बांधील आहे. दुसऱ्या एकलपीठाला तो पटला नाही तर मुख्य न्यायमूर्तींकडे मोठ्या पीठासाठी पाठवणं हाच रस्ता.

अर्धविराम

बांधील आहे तोवर बचावाने काय करायचं, ते लिहितो. कागद धरायचा म्हटला तरी तो नीट धरलाय का, हे तपासणं उरतंच.

सुरुवात काट्यापासून. पंचनाम्यात ‘०.१२ ग्रॅम’ असं दोन दशांश लिहिलेलं असेल तर काट्याचं किमान माप १० मिलिग्रॅमचं. ज्या पदार्थाची अल्प मर्यादा २ मिलिग्रॅम आणि व्यावसायिक १००, तो अशा काट्यावर तोलून ०.१२ लिहिलं, तर खरं वजन ०.११५ ते ०.१२५ मध्ये कुठेही, आणि तेही काटा अचूक असेल तर. ०.१० असेल तर मर्यादा ओलांडली हे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का होता का, तोलण्याआधी शून्य केलं का, पिशवीसकट तोललं की पिशवी वगळून, या प्रश्नांची उत्तरं पंचनाम्यात असायला हवीत. झिपची छोटी पिशवी डॉटच्या कित्येकपट जड असते.

मग डॉटची संख्या. पंचनाम्यात, कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर केलेल्या यादीत आणि सीए रिपोर्टमध्ये, तिन्ही ठिकाणी तीच आहे का? दंडाधिकाऱ्यांसमोर नमुना काढण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मोहनलाल निकालात सांगितली, आणि डिसेंबर २०२२ च्या नियमांनी ती पद्धत बांधून दिली. १९८९ च्या जुन्या स्थायी आदेशात मनःप्रभावी पदार्थाचा नमुना ५ ग्रॅमचा, दोन प्रतींत. संपूर्ण माल अर्ध्या ग्रॅमचा असताना ५ ग्रॅमची भाषा छापील पंचनाम्यात तशीच उतरलेली असेल, तर पंचनामा जागेवर लिहिला गेला का हीच शंका येते.

फेरतपासणी हवी असेल तर २०१३ च्या थाना सिंग निकालाप्रमाणे अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत अर्ज, आणि कारण अपवादात्मक असलं पाहिजे. सहा महिन्यांनी केलेला अर्ज टिकत नाही.

आणि मुदतीचं. व्यावसायिक प्रमाण असेल तर दोषारोपपत्राला कलम ३६अ(४) प्रमाणे १८० दिवस, मधल्याला ६०. वजन हद्दीच्या आसपास असताना एकसष्टाव्या दिवशी, दोषारोपपत्र आलं नाही म्हणून, जामिनाचा अर्ज न करणं हे बचावाचं सर्वांत महाग पडणारं विस्मरण आहे.

रसायनी

यात एक जोडतो, फार कमी वेळा विचारलं जातं म्हणून. पूर्ण कागद जप्त होतो तेव्हा त्याला छिद्ररेषेबाहेर चारही बाजूंना कोरी कड असू शकते. कधी ती भिजवलेली असते, कधी नसते. शिवाय थेंब टाकून केलेल्या कागदात काही चौकोन कोरेच राहतात. पूर्ण बुडवून केलेल्यात रसायन सगळीकडे पसरतं, पण वाळताना कडेकडे जास्त साचतं. प्रयोगशाळेने ४० पैकी दोन चौकोन कापून ‘एलएसडी आढळले’ म्हटलं, तर ते त्या दोन चौकोनांबद्दल खरं आहे. उरलेल्या ३८ बद्दल अनुमान आहे.

सरकार पक्ष

कोऱ्या कडेबद्दल मी वाद घालणार नाही. तिच्यात रसायन आढळलं नसेल तर ती डोसच्या रूपात नाही, मिश्रण नाही, सिद्धताही नाही. २०२१ च्या निर्णयाने धरलेला कागद हा एलएसडी असलेला कागद आहे. तेव्हा तपास अधिकाऱ्याने कड आणि चौकोन वेगळे करू नयेत (पुराव्याला हात लागतो), पण पंचनाम्यात कागदाची लांबी-रुंदी, चौकोनांच्या ओळी आणि रकाने, कडेची रुंदी आणि चित्र यांचं वर्णन करून फोटो घ्यावा. प्रयोगशाळेला पाठवताना पत्रात स्पष्ट लिहावं की कडेचा नमुना वेगळा तपासावा, आणि चौकोनांचे नमुने चार कोपरे व मध्य अशा पाच जागांहून घ्यावेत. हे लिहिलं नाही तर विश्लेषक हाताला येईल तो कोपरा कापतो, आणि उलटतपासणीत उत्तर कुणाकडेच नसतं.